पुठ्ठ्याचा ओटा

“इथं उभं कोण राहणार?” असं त्या माणसानं विचारलं आणि नवऱ्यानं वळून तिच्याकडे पाहिलं. प्रश्न साधा होता. स्वयंपाकघरं आखून देणाऱ्या माणसाचा तो रोजचाच असणार, ती जसं रोज खुर्चीत बसणाऱ्याला “सकाळपासून काही खाल्लंय का?” विचारते तसा. पण नवऱ्याचं ते वळणं तिला नको तिथं जाऊन लागलं. त्यानं विचार केला नाही, क्षणभर थांबलासुद्धा नाही. अंधारात आपल्याच घरातल्या दिव्याच्या बटणाकडे हात जावा तशी त्याची मान तिच्याकडे गेली. ती नुकतीच कामावरून आली होती. खांद्यावरची पर्स खांद्यावरच होती, हातातल्या पिशवीत पांढरा कोट कोंबलेला होता, आणि नेहमीसारखं सगळं घर ओलांडून मागच्या दारातून बाहेर पाऊल टाकावं तर खालच्या पायरीच्या जागी एक भलामोठा पुठ्ठा उभा होता. तिनं दाराच्या चौकटीला हात टेकला. “मीच,” असं नवरा तिच्या वतीनं म्हणाल्याचा तिला भास झाला. प्रत्यक्षात तो म्हणाला, “ही काय, आली बघा अगदी वेळेवर.”

पुठ्ठा म्हणजे चक्क ओटा होता. त्या माणसाची कामाची रीतच अशी, की कागदावरच्या रेघा दाखवण्याआधी तो गिऱ्हाइकाच्या अंगणात पुठ्ठ्याचा ओटा उभा करायचा, चिकटपट्ट्या लावून, पुऱ्या लांबीचा आणि पुऱ्या उंचीचा. बेसिनच्या जागी चौकोन कापलेला, शेगडीच्या जागी खडूनं दोन गोल, आणि टोकाला भाजायच्या जाळीसाठी एक खाच. रेघा कुणालाच कळत नाहीत, तो म्हणाला, पोटाला लागलं की सगळ्यांना कळतं. पुठ्ठा कुठल्यातरी फ्रीजच्या खोक्याचा असावा. समोरच्या बाजूवर ‘ही बाजू वर’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं आणि बाण जमिनीकडे होता. तिला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत आणायचं म्हणजे पुन्हा कष्टच. नवरा मात्र खुशीत होता. तो ओट्याभोवती फिरत होता, खडूच्या गोलांवर तळहात ठेवून बघत होता, आणि तिला न सांगता हे सगळं जमवल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

हे खूळ आलं होतं नणंदेच्या घरून. नणंदेनं घरामागे उघड्यावरचं स्वयंपाकघर करून घेतलं, वर छप्पर, खाली गुळगुळीत फरशी, चकचकीत जाळी, धूर ओढून घेणारं धुराडं, आणि ते दाखवायला एका रविवारी सगळ्यांना बोलावलं. त्या दुपारी नवरा जाळीपाशी जो उभा राहिला तो हललाच नाही. मेव्हण्यांच्या हातातला चिमटा त्यानं जवळजवळ हिसकावूनच घेतला. परतताना गाडीत म्हणाला, “आपल्यामागं केवढी जागा फुकट पडलीय!” फुकट. ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिला भलतंच आठवत होतं. जाळीपाशी पुरुष उभे होते, कुणाच्या डोळ्यांत धूर गेला की बाकीचे हसत होते, आणि नणंद घरातून बाहेर आणि बाहेरून घरात नुसती येरझाऱ्या घालत होती; चिरलेलं बाहेर, खरकटं आत, विसरलेलं मीठ बाहेर, जळकी जाळी आत. एका बाईला आता दोन स्वयंपाकघरं झाली होती. आतल्या खोलीत ती नणंदेच्या मागोमाग गेली होती आणि म्हणाली होती, “ताई, जरा बसा की.” “छे गं, बाहेर किती मोकळं वाटतं,” नणंद म्हणाली, आणि फ्रीजला पाठ टेकून तिनं डोळे मिटले. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी पेले मागितले.

निवृत्त झाल्यापासून नवऱ्याला जिकडेतिकडे रिकाम्या जागा दिसू लागल्या होत्या. पाणीखात्यात त्यानं जन्मभर लोकांच्या दारातले मीटर वाचले. माणूस वाईट नाही, आवाज चढवणारा नाही, पगार बाहेर उधळणारा नाही; एखाद्या संध्याकाळी टेबलावरच्या विजेच्या किटलीत चहा करून तिच्या पुढ्यात ठेवणाराही आहे. आता मीटर नव्हते, मग तो घर वाचत सुटला होता. जिन्याखाली कपाट झालं, गच्चीवर कुंड्या झाल्या, आणि दोन्हींची धूळ पुसणं तिच्याकडे आलं. आता मागचं अंगण. तीही थोड्याच दिवसांत निवृत्त होणार होती, आणि तो ज्याला त्याला सांगत होता, ही एकदा सुटली की रविवार आपले. ताईकडे बोलावतात तसे आपणही बोलावू. मी भाजीन, ही बाकीचं बघेल. ‘सुटली’ हा शब्द तो असा म्हणायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, तुरुंगातून कुणी येणार आहे आणि तिच्या स्वागताला नवी कोठडी रंगवून ठेवलीय.

“पर्स ठेवा ना मॅडम, आणि या इकडून,” तो माणूस म्हणाला. तिनं पर्स आतल्या खुंटीला लावली आणि पुठ्ठ्याला वळसा घालून, वरच्या पायरीवरून तिरकी उडी मारल्यासारखी करून ती अंगणात उतरली. खालची पायरी पुठ्ठ्याच्या पोटात गेली होती. तिनं वाकून बघितलं, आत अंधारात पायरीचा झिजलेला कडेचा दगड तेवढा दिसत होता. “पायरी जाणार,” नवरा मागून म्हणाला. “सगळं एका पातळीत घेतोय. दारातून सरळ बाहेर. ठेच लागायला नको की काही नको.” ती नुसती “हं” म्हणाली. हूं की चूं न करण्याची तिची ख्याती होती आणि या घरात ती गुण म्हणून सांगितली जायची.

ती पायरी. आता तिच्याबद्दल कुणाला काय सांगायचं, सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय. ती एका मोठ्या तपासणी केंद्रात रक्त काढायची. दिवसभर तिच्यापुढे कोपरं येत. माणसं येत नसत असं नाही, पण माणसं तोंड पलीकडे फिरवून बसत आणि तिच्या वाट्याला कोपराच्या आतली बाजू येई, गोरी, काळी, सुरकुतलेली, बाळसेदार, आधीच्या सुयांनी निळी पडलेली. हात सरळ करा. मूठ आवळा. आता सोडा. कापूस दाबून धरा. खुर्च्या बुटक्या होत्या आणि ती उंच, त्यामुळे प्रत्येक हातापाशी तिला कमरेतून खाली यावं लागे. आज शेवटी आलेल्या एका म्हाताऱ्या बाईची शीर काही केल्या सापडेना. ती बोटानं चाचपत राहिली, या हाताला, त्या हाताला. म्हातारी म्हणाली, “असेल गं कुठंतरी, अजून चालतेय-बोलतेय म्हणजे असणारच.” दोघी हसल्या, आणि शीर सापडली. असे दिवस संपवून ती घरी यायची, पुढच्या दारानं आत शिरून मागच्या दारानं बाहेर पडायची आणि खालच्या पायरीवर बसायची. चपला काढून तळवे मातीवर टेकवायचे. समोर कपड्यांची दोरी, पलीकडच्या घराची पाठमोरी भिंत, बादलीत ठिबकणारा नळ. बघायला काही नव्हतं. घरात कुठंही बसलं की हात लांब केल्यावर कशाला तरी लागायचाच, आणि ज्याला लागायचा ते घडी घालायचं, नाहीतर उचलायचं, नाहीतर पुसायचं असायचं. पायरीवरून हाताला काहीच लागत नसे. एवढंच. नवरा त्या वेळी पुढच्या खोलीत बातम्या लावून बसलेला असायचा, त्याला वाटायचं ती दोरीवरचे कपडे काढतेय. आणि निवृत्तीचा विचार मनात आला की तिला रविवार दिसत नव्हते, माणसं दिसत नव्हती. तिला ही पायरी दिसायची, सकाळची, भर दुपारची, जिच्यावर आजवर ती फक्त तिन्हीसांजेला बसली होती.

“आता उभ्या राहा,” तो माणूस म्हणाला. “असं समजा, कांदा चिरताय.” खोट्या ओट्यापुढे खोटा कांदा चिरायला तिला लाज वाटली, पण नवरा इतक्या कौतुकानं बघत होता की तिनं डाव्या हातानं नसलेला कांदा धरला आणि उजव्या हातानं नसलेली सुरी चालवली. पुठ्ठ्यावर तिचे हात बरोबर ओळखीच्या जागी गेले. दिवसभर परक्या माणसांत काढून घरच्यांची हाक ऐकावी तसं ते माप तिच्या मनगटांना ओळखीचं वाटलं, आणि त्याबरोबर कमरेच्या वर, डाव्या बाजूला, ती जुनी कळही आली, तीही ओळखीचीच.

“मॅडम, तुम्ही वाकताय.”

“नाही,” ती म्हणाली. तिला खरोखरच तसं वाटत नव्हतं.

“वाकताय की. खांदे बघा तुमचे कुठं आलेत.” त्यानं नवऱ्याकडे पाहिलं. “साहेब, फोनवर माप तुम्हीच दिलंत ना? कुठलं दिलंत?”

“आतल्या ओट्याचं,” नवरा म्हणाला. “तंतोतंत. ही कामाला गेली होती तेव्हा टेप लावून घेतलं.” मग तो तिच्याकडे वळला आणि त्याचा आवाज मऊ झाला. “म्हटलं, जिथं तू सगळा जन्म उभी राहिलीस, त्याहून तुला बरोबर माप कुठलं असणार?”

तिच्या हातातली नसलेली सुरी थांबली. आतला ओटा सासूबाईंचा होता. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. ती गोष्ट तर त्यानंच तिला सांगितली होती, लग्नानंतर, आणि पुढे पाहुण्यांना कितीदा तरी सांगितली. घर बांधताना गवंड्यानं विचारलं, ओटा किती उंच घेऊ, आणि आईनं काही न बोलता हवेत हात आडवा धरला. गवंड्यानं त्या हाताखाली रेघ मारली. ही गोष्ट सांगताना तो उठून उभा राहायचा, गुडघ्यांत किंचित वाकायचा, हात आडवा धरायचा आणि म्हणायचा, “हे असं!” सगळे हसायचे. सासूबाई अंगानं लहानखुऱ्या, चपळ, पाखरासारख्या. तो ओटा त्यांच्यापुढे असा शोभायचा की स्वयंपाक चाललाय असं वाटायचंच नाही. ती या घरात आली तेव्हा त्या दोघी शेजारीशेजारी उभ्या राहायच्या, एक ताठ आणि एक वाकलेली, आणि पाहणाऱ्याला वाटे, नवी सून किती मान खाली घालून वागते. एकदा, सासूबाईंचं दुखणं सुरू झाल्यावर, त्या स्वयंपाकघरातच खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि बराच वेळ मागून तिच्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “तुला फार वाकावं लागतं गं. मी गेले की उंच करून घे.” तेवढं एकच माणूस या घरात बोललं होतं, आणि ती त्यांना म्हणाली होती, “काहीतरीच काय, मला काही होत नाही.” त्या गेल्या. त्या वर्षी ओट्याला हात लावणं बरं दिसलं नसतं. पुढच्या वर्षी मुलीची शाळा होती, मग फरशी बदलायची होती, मग गच्ची गळत होती. आणि मग एके दिवशी ओटा खाली आहे हेच तिच्या लक्षात राहिलं नाही. केंद्रातल्या डॉक्टरनं पाठीचा फोटो उजेडात धरून म्हटलं होतं, “वय झालं की असं होतं.” तिनंही ते मानलं होतं.

“असं करा,” तो माणूस म्हणाला, “भिंतीपाशी ताठ उभ्या राहा. कोपर दुमडा.” तिला गंमत वाटली. जन्मभर ती लोकांना कोपर सरळ करायला सांगत आली, आणि आज कुणीतरी तिला दुमडायला सांगत होतं. ती मागच्या भिंतीला टाचा लावून उभी राहिली. ताठ उभं राहिल्यावर तिच्या लक्षात आलं की कपड्यांच्या दोरीच्या वरून पलीकडच्या घराची खिडकी दिसते. त्यानं टेप जमिनीवरून वर ओढत नेली, कोपरापाशी थांबला, त्यातून थोडं कमी केलं आणि भिंतीवर पेन्सिलीनं आडवी रेघ मारली. मग पुठ्ठ्याचं टोक सरकवून त्या रेघेशेजारी धरलं. पुठ्ठ्याची वरची कड आणि ती रेघ यांच्यात वीतभर नसेल, पण चार बोटांपेक्षा खूपच जास्त अंतर होतं. आतल्या दाराच्या चौकटीवर मुलीच्या उंचीच्या रेघा होत्या, दर वाढदिवसाच्या. नवऱ्याची एक रेघ होती, थट्टेत मारलेली. तिची या घरात ही पहिलीच.

ती रेघेकडे बघत राहिली. मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि वाट पाहिली. आता त्याच्या लक्षात येईल. आता तो तिच्या मागच्या खिडकीकडे बघेल, खिडकीतून दिसणाऱ्या त्या काळ्या दगडी ओट्याकडे बघेल, आणि त्याच्या डोक्यात हे आणि ते एकत्र येईल. तिला काही नको होतं, माफी तर नकोच होती, फक्त त्यानं एकदा तिकडे बघावं. “बरं झालं आत्ताच कळलं!” नवरा म्हणाला. “दगड बसल्यावर कळलं असतं म्हणजे केवढ्याला पडलं असतं. इथं उंच करू की मग. होईल ना हो?”

“न व्हायला काय झालं? पुठ्ठाच आहे.”

दोघं चिकटपट्ट्या सोडवायला लागले. तिला राग यायला हवा होता असं तिला वाटलं. पण राग यायचा म्हणजे आधी ताठ उभं राहावं लागतं, आणि ती भिंत सोडल्यासोडल्या पुन्हा कमरेतून सैल झाली होती. तिला फक्त बसावंसं वाटत होतं. आणि बसायची जागा त्या पुठ्ठ्याखाली होती. अचानक तिला भीती वाटली, साधी, लहान मुलाला वाटते तशी, की आज ही संध्याकाळ आपण गप्प राहिलो तर ती जागा जाईल, आणि मग जन्मात कुठं बसायला मिळणार नाही. एका दगडी पायरीसाठी एवढं घाबरावं याची तिला लाजही वाटली.

“ह्यांचं घ्या,” ती म्हणाली.

“काय?” नवऱ्यानं वर पाहिलं.

“माप. जाळीपाशी तुम्ही उभे राहणार ना? मग तुमचं माप घेऊ दे त्यांना.”

“अगं, मी भाजीन गं. पण बाकीचं...” तो बोलता बोलता अडखळला. ‘बाकीचं’ हा शब्द त्या तिघांच्या मध्ये पडून राहिला. तो माणूस एकदम टेप गुंडाळण्यात गढून गेला.

“बाकीचं पण तुम्हीच. चिरायचं, धुवायचं, पुसायचं. मी बाहेर येईन, पण बसायला.”

“हे काय बोलतेस? सगळं तुझ्यासाठीच चाललंय ना हे? तू सुटल्यावर...”

“सुटल्यावर मला बसायचंय.”

“मग बस की! कोण नको म्हणतंय? खुर्ची ठेवू. झोपाळा टांगू म्हणालीस तर झोपाळा टांगू.”

“पायरीवर,” ती म्हणाली. “ही पायरी काढू नका. मी रोज बसते इथं.”

“रोज?” नवऱ्यानं विचारलं. “कधी?”

“आल्यावर. तुमच्या बातम्या चालू असतात तेव्हा.”

“मला वाटायचं कपडे काढतेस.”

“कपडे काढायला असा किती वेळ लागतो?” ती म्हणाली. तिला हसू आलं आणि या खेपेला ते ओठांपर्यंत आलंसुद्धा. नवरा हसला नाही. त्याचा चेहरा पडला होता, एखाद्या घरचा मीटर कितीतरी वर्षं उलटा वाचला गेलाय असं कुणी साहेबानं सांगावं तसा. तिला त्याचं वाईट वाटलं. ते वाईट वाटणंही इतकं जुनं आणि सरावाचं होतं की ती आता “जाऊ दे, असू दे” म्हणून टाकेल असं तिला स्वतःलाच वाटलं. पण ती बोलली नाही.

“पायरी ठेवायची तर ओटा त्या भिंतीकडे न्यावा लागेल,” तो माणूस म्हणाला, टेपकडे बघतच. “आणि मग नळ लांब पडतो.”

“पडू दे लांब,” ती म्हणाली. “ह्यांनाच जायचंय.”

दोघांनी पुठ्ठ्याचा ओटा दोन्ही टोकांना धरून उचलला आणि पलीकडच्या भिंतीपाशी नेला. जाताना तो मधून वाकला आणि खडूचा एक गोल पुसला गेला. नवऱ्याला भिंतीपाशी उभं करून त्याचंही कोपर मोजलं. त्याची रेघ तिच्या रेघेच्या बरीच वर गेली. तो माणूस म्हणाला, दोन दिवसांनी नवा पुठ्ठा घेऊन येतो, आणि गेला. जाताना पुढच्या दारापर्यंत सोडायला नवराच गेला. ती तशीच उभी होती. मग चपला काढून ती पायरीवर बसली. दगड दिवसभराचा तापलेला होता. समोर दोरीवर कपडे तसेच होते आणि आज ती ते काढायला उठणार नव्हती.

नवरा बराच वेळ बाहेर आला नाही. बातम्यांचाही आवाज आला नाही. मग मागच्या खिडकीतला दिवा लागला आणि तो आतून म्हणाला, “आज मी ऑम्लेट करतो.” त्यात फुशारकी नव्हती, लाडीगोडीही नव्हती, काहीतरी करायला हवं आणि काय ते कळत नाही, अशा माणसाचा तो आवाज होता. “कांदे कुठं असतात?” “खालच्या टोपलीत.” “सुरी?” “पुढ्यातच असेल.” मग सुरी चालू लागली, हळू, अडखळत, मध्येच थांबत. ती दोरीकडे बघत होती. थोड्या वेळानं सुरी थांबली. पुन्हा चालू झाली. पुन्हा थांबली. तिनं मान वळवून खिडकीतून पाहिलं. तो ओट्यापुढे उभा होता, पाय फाकवून, पाठ गोल करून, डोकं वरच्या फळीला लागू नये म्हणून आणखी खाली घातलेलं. पाठमोरा तो क्षणभर तिला कुणी दुसराच वाटला. मग त्यानं एक हात कमरेवर ठेवला आणि तो सावकाश सरळ झाला. खाली ओट्याकडे पाहिलं. सुरी धरलेला हात उचलून त्यानं तो हवेत आडवा धरला, गोष्ट सांगताना धरायचा तसा, आणि तो हात तसाच राहिला.

“अगं,” तो आतून म्हणाला, “हा ओटा इतका खाली कधीपासून आहे?”

“पहिल्यापासून,” ती म्हणाली, आणि पाय लांब केले.